थंड पाण्यात सर्फिंगसाठी वेटसूट कसा निवडायचा (नुसत्या जाडीच्या आकड्यावर जाऊ नका)

कोकणात किंवा गोव्यात समुद्रात डुंबून मोठं झालेल्या माणसाला थंड समुद्र म्हणजे नक्की काय असतं ते आधी कळतच नाही. आपल्याकडे पाणी २५ अंशांच्या खाली फारसं जात नाही, मे महिन्यात तर ३० च्या आसपास असतं, त्यामुळे आश्वे-मोरजीला सर्फिंग शिकताना एक शॉर्ट्स आणि रॅश व्हेस्ट (अंग घासू नये म्हणून घालायचा पातळ घट्ट टी-शर्ट) असलं की झालं. मग नोकरीसाठी कोणी न्यूकॅसलला येतं, कोणी डब्लिनला, कोणी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, कोणी मेलबर्नला, आणि तिथं परत बोर्ड हातात घ्यायची इच्छा झाली की पहिली अडचण वेटसूटची, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या अंगाला चिकटणाऱ्या रबरी सूटची. दुकानात गेलं की ३/२, ४/३, ५/४ असले आकडे, किंमत १०० पौंडांपासून ५०० पर्यंत, आणि दिसायला सगळे काळेच. मग माणूस सरळ सगळ्यात जाड उचलतो, थंडी आहे ना म्हणून. तेच करायचं नाही. सूट ऊबदार आहे की नाही हे आधी फिटिंगवर ठरतं, मग शिलाईवर, मग आतल्या अस्तरावर आणि त्यानंतर जाडीवर, ब्रँड तर सगळ्यात शेवटी. मी राहते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, म्हणून उदाहरणं मुख्यतः इथल्याच टाइनमथची आणि नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची देतेय, बाकीच्यांनी आपापल्या पाण्याचं तापमान घालून हिशोब करा.

आधी सूट काम कसा करतो ते बघा

सगळीकडे सांगतात की सूटमध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उबेने गरम होतो आणि तुम्हाला गरम ठेवतो. अर्धवट खरं आहे. ऊब धरून ठेवायचं काम करतं ते निओप्रीन, म्हणजे रबराचा फेस, ज्यात गॅसचे लाखो बारीक बंद बुडबुडे असतात. कोळणीच्या मासळीच्या डब्याचं थर्माकोल बर्फ वितळू देत नाही ना, तोच प्रकार, फक्त इथे वाकणारा. आत शिरलेलं पाणी ही खरं तर फुकटची कटकट, ते गरम करायला तुमचीच उष्णता जाते, आणि प्रत्येक लाटेला ते बाहेर जाऊन नवं थंड पाणी आत आलं की परत पहिल्यापासून सुरू. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. म्हणून सूटमध्ये पाणी खेळायला नको, ही मुख्य गोष्ट, पुढचं सगळं त्यावरूनच ठरतं.

पायरी १ : कॅलेंडर बघू नका, पाण्याचं तापमान बघा

एप्रिलमध्ये इंग्लंडात ऊन पडतं, लोक टी-शर्टवर बीचवर बसतात, आणि नवीन माणसाला वाटतं आता पातळ सूट चालेल. पण समुद्र हवेच्या मागे एक-दोन महिने रेंगाळतो. तो सगळ्यात थंड असतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सगळ्यात गरम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे एप्रिलचं ऊन फसवं आणि उलट ऑक्टोबरमध्ये बाहेर गारठा असला तरी पाणी बऱ्यापैकी सुसह्य. कुठलंही सर्फ फोरकास्टचं ॲप उघडलं की लाटांच्या खालीच पाण्याचं तापमान दिलेलं असतं, तेवढा आकडा टिपून ठेवा.

जागेप्रमाणे फरक किती पडतो बघा. कॉर्नवॉलला, म्हणजे न्यूक्वेच्या फिस्ट्रल बीचवगैरे, हिवाळ्यात पाणी ९-१० अंश आणि उन्हाळ्याच्या शेवटी १६-१७. टाइनमथला, जिथे न्यूकॅसलहून मेट्रोनेच जाता येतं, हिवाळ्यात ५-६ पर्यंत उतरतं आणि भर उन्हाळ्यातही १३-१४ च्या आसपासच. देश एकच, पण पश्चिमेला अटलांटिकचा कोमट प्रवाह येऊन लागतो आणि उत्तर समुद्राच्या वाट्याला त्यातलं फार काही येत नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बंडोरन, लाहिंचला कॉर्नवॉलसारखंच, जरासं थंड. बे एरियावाल्यांचा प्रकार निराळा. कॅलिफोर्निया म्हटलं की लोकांना बिकिनी आठवते, पण ओशन बीच किंवा पॅसिफिकाला वारा वरचं पाणी लोटून खालचं गार पाणी वर आणतो, त्यामुळे वर्षभर १० ते १५ मध्येच घुटमळतं आणि एप्रिल-मे-जूनमध्ये तर जास्तच थंड. तिथे ४/३ बारा महिने. मेलबर्नवाल्यांना टॉर्कीला हिवाळ्यात साधारण १३-१४ आणि उन्हाळ्यात १९-२० मिळतं, तुम्ही नशीबवान.

पायरी २ : आकडे समजून घ्या

५/४ म्हणजे छाती-पाठीला ५ मिलिमीटर आणि हातापायांना ४. तीन आकडे असतील, जसं ५/४/३, तर बहुतेक वेळा धड, पाय आणि हात असा क्रम. हाताला पातळ ठेवतात कारण पॅडलिंग, म्हणजे बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी मारत पुढे जाणं, खांद्याने करायचं असतं. ढोबळ हिशोब असा:

- १८ च्या वर: ३/२ किंवा आखूड सूट
- १४ ते १८: ३/२, थंडी वाजणाऱ्यांना ४/३
- ११ ते १४: ४/३ आणि ३ मिलिमीटरचे बूट
- ८ ते ११: ५/४, ५ मिलिमीटरचे बूट, ग्लोव्हज, हूड
- ८ च्या खाली: हूड जोडलेला ५/४ किंवा ६/५, जाड बूट, जाड ग्लोव्हज

हा तक्ता म्हणजे दगडावरची रेघ नाही. अंगाने सडपातळ असाल तर एक पायरी वर जा. नवशिके असाल तरीही एक पायरी वर, कारण नवशिका अर्धा वेळ कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो, वारा खात. वाऱ्याचं लोक विसरतात. टाइनमथला पूर्वेचा वारा सुटला की वाऱ्यातलं ७ अंशांचं पाणी आणि बिनवाऱ्याचं ७ अंशांचं पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

एकच सूट परवडत असेल तर? ईशान्य इंग्लंड किंवा स्कॉटलंडात सरळ ५/४ घ्या, उन्हाळ्यात जरा उकडेल पण चालून जातं. कॉर्नवॉल, डेव्हन, आयर्लंडात चांगल्या अस्तराचा ४/३ घ्या, डिसेंबरपर्यंत निभावतं, आणि जानेवारी ते मार्च बूट-ग्लोव्हज-हूड घालून वेळ थोडा कमी करा.

पायरी ३ : सर्फिंगचाच सूट घ्या

ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून ट्रायथलॉनचा पोहायचा सूट घेणारे बरेच भेटतात. तो बाहेरून गुळगुळीत, चकचकीत असतो, पाण्यातून सरकायला आणि तरंगायला बनवलेला, बोर्डावर चार वेळा छाती घासली, वॅक्स लागलं, नख लागलं की फाटला. स्कूबाचा सूट उलट बाजूचा, टिकाऊ आणि घट्ट फेसाचा, पण त्यात पॅडल मारायला गेलात की दहा मिनिटांत खांदे भरून येतात. सर्फिंगच्या सूटला बाहेरून कापडी जर्सी असते, गुडघ्याला जाड पॅड असतं, आणि काहींना छाती-पाठीवर गुळगुळीत रबराचा पट्टा असतो ज्यावर वारा लागून गारठा वाढत नाही.

पायरी ४ : शिलाई, इथे डोळे उघडे ठेवा

दुकानदाराला न विचारता सूट उलटा करा. शिवण दोन्ही बाजूंनी रुंद, शिडीसारखी दिसत असेल, आतून-बाहेरून सारखीच, तर ती फ्लॅटलॉक. अंगाला टोचत नाही, मजबूत असते, पण सुई आरपार गेलेली असते, म्हणजे शिवणीवर भोकंच भोकं. शिवण दोन हातांनी ताणून उजेडासमोर धरा, प्रकाशाचे ठिपके दिसतात. १८ अंशांच्या पाण्यात हरकत नाही, ९ अंशांत ती चाळणी आहे. स्वस्त ४/३ सूट गार का लागतात याचं निम्मं उत्तर इथेच.

थंडीसाठी जी शिलाई हवी तिला जीबीएस (ग्लूड अँड ब्लाइंड-स्टिच्ड) म्हणतात. यात दोन तुकडे आधी कडेला कडा लावून चिकटवतात आणि मग वाकड्या सुईने टाका निओप्रीनच्या अर्ध्या जाडीपर्यंतच घालून त्याच बाजूने वर काढतात, आरपार भोक पडत नाही. त्यावर आतून टेप असेल तर आणखी चांगलं. टेपमध्येही गंमत आहे, काही सूटना फक्त जिथे तीन-चार शिवणी एकत्र येतात तिथेच ठिगळासारखी टेप असते आणि लेबलवर मात्र दिमाखात टेप्ड लिहिलेलं. पूर्ण शिवणीवर टेप आहे का ते बोट फिरवून बघा. बाहेरून शिवणीवर रबराची ओली-ओली दिसणारी रेघ ओतलेली असेल, तर ते लिक्विड सील, पाणी अडवायला सगळ्यात भारी, फक्त ती रेघ जाड असली तर शिवण थोडी कडक होते.

माझं स्पष्ट मत: फ्लॅटलॉकचा ५/४ आणि जीबीएस टेपवाला ४/३ एकाच किमतीत असतील तर डोळे झाकून ४/३ उचला. जास्त ऊबदार निघेल आणि हात हलतील ते वेगळंच.

पायरी ५ : लवचिकता आणि अस्तर

फेसात गॅस जितका जास्त तितका तो हलका, मऊ, ताणला जाणारा आणि ऊबदार. मग सगळेच तसे का बनवत नाहीत, तर महाग पडतो आणि लवकर बसतो. ५०० पौंडांचा सूट दीडशेच्या सूटपेक्षा जास्त टिकेल असं समजू नका, बऱ्याचदा उलट असतं, मऊ फेस दोन-तीन हिवाळ्यांत चपटा होतो आणि ऊब कमी होते. आठवड्यातून दोन-तीनदा पाण्यात जाणार असाल तर महागाचे पैसे वसूल होतात, महिन्यातून एकदा जाणार असाल तर २००-२८० पौंडांच्या मधल्या पट्टीत सगळं मिळतं.

दुकानात खांद्याचा तुकडा दोन्ही हातांत धरून ताणून बघा, मग मांडीचा ताणा. बऱ्याच मधल्या किमतीच्या सूटमध्ये खांदा-बगलेला मऊ फेस आणि पायाला साधा असतो, आणि ही कंजुशी शहाणपणाची आहे. बगलेत शिवणींचा गुंता नको, तिथे एकच मोठा तुकडा असेल तर पॅडलिंगला हलकं जातं आणि काचत पण नाही.

अस्तर म्हणजे छाती-पाठीच्या आत लावलेली लोकरीसारखी मऊ थर्मल फ्लीस. ती कुठपर्यंत आहे ते बघा. स्वस्तात फक्त छातीवर एक चौकोन असतो (बहुतेक लाल किंवा केशरी, म्हणजे गरम वाटावं म्हणून!), चांगल्यात ती कमरेखाली गुडघ्यापर्यंत जाते. बोटांनी चिमटीत धरून बघा, मध्ये हवा राहील अशी खोबणीदार वीण असेल तर पाणी पटकन निथळतं. नुसतीच जाड झुबकेदार फर असेल तर ती पाणी पिऊन जड होते.

आता पर्यावरणाचं. चुनखडीपासून केलेलं निओप्रीन म्हणजे ग्रीन असं बरेच ब्रँड सांगतात, पण शेवटी तेही क्लोरोप्रीनच, म्हणजे तेच कृत्रिम रबर. खऱ्या अर्थाने वेगळं म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेलं युलेक्स. पॅटागोनियाने २०१६ मध्ये ८५ टक्के नैसर्गिक रबराचे सूट बाजारात आणले आणि आता इतरही काही ब्रँड ते वापरतात. ऊब चांगली असते, किंमतही तशीच.

पायरी ६ : झिप

पाठीवर झिप असलेला सूट घालायला सोपा, किमतीला कमी, पण मणक्यावरून गार पाण्याचा ओघळ उतरतो तो याच वाटेने, शिवाय झिप ताणली जात नाही. छातीवर आडवी छोटी झिप असलेला चेस्ट झिप थंडीसाठी माझी पहिली पसंती. मानेच्या भोकातून आत शिरायचं असतं त्यामुळे पहिल्या काही वेळा पार्किंगमध्ये तमाशा होतो, जाणारे-येणारे हसतात, पण एकदा जमलं की जमलं. खांदा निखळलेला असेल, फ्रोझन शोल्डर असेल किंवा हात मागे-वर जात नसतील तर मात्र हट्ट करू नका, पाठीची झिप घ्या आणि आत पाणी अडवणारा जादा पडदा आहे का ते बघा. झिपच नसलेले सूट सगळ्यात मोकळे वाटतात, पण मान ताणून ताणून सैल पडली की पाणी शिरायला लागतं, थंड पाण्यासाठी मी तरी पैसे घालणार नाही.

पायरी ७ : फिटिंग, इथे घाई केली की सगळं वाया

उंची आणि छातीच्या मापावरून साइझ धरा, शर्टच्या साइझवरून नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पुरुषांचं होतं असं की उंची पाच फूट पाच-सहा इंच आणि छाती-पोट भरलेलं, मग मीडियम छातीला बरोबर बसतो पण हातापायाला चुण्या. त्यासाठी शॉर्ट साइझ असतात, एमएस (मीडियम शॉर्ट), एलएस (लार्ज शॉर्ट) असं लिहिलेलं असतं, मागून घ्या. उंच-सडपातळ असाल तर एमटी किंवा एलटी, टी म्हणजे टॉल. बायकांनी बायकांचाच कट घ्यावा, पुरुषांचा छोटा साइझ घेतला की कमरेत पोकळी राहते आणि तिथे डबकं साचतं. आणि ब्रँडप्रमाणे कट बदलतो, एका ब्रँडचा मीडियम बसला म्हणून दुसऱ्याचा बसेलच असं नाही. कुठल्याच तयार मापात बसत नसाल तर न्यूक्वेला स्नग नावाचे लोक मापाने शिवून देतात.

घालताना घामाघूम व्हायला झालंच पाहिजे. पायाला प्लास्टिकची पिशवी घालून पाय आत सरकवा, नखांनी ओढू नका, बोटांच्या पेरांनी चिमट धरून थोडं थोडं वर सरकवत जा. आधी घोटा, मग गुडघा, मग जांघ पूर्ण वर येईपर्यंत ओढा. जांघेत दोन इंच जागा राहिली तर ते दोन इंच खांद्याला कमी पडतात आणि लोक म्हणतात खांद्यात घट्ट होतोय. खांद्यात घट्ट वाटलं की शंभरातल्या बहुतेक वेळा दोष खालच्या ओढीचा असतो.

आता अंगात असताना बघायचं ते हे. कंबरेच्या मागच्या खळग्यात हात दाबा, पोकळ वाटलं तर बाद. बगलेत चुण्या नकोत. गुडघ्यामागे एखादी घडी चालते. मनगट आणि घोट्याशी चिकटून बसला पाहिजे. मान घट्ट हवी पण आवंढा गिळता आला पाहिजे. मग दोन्ही हात वर करा, उकिडवे बसा, पॅडल मारल्यासारखे हात फिरवा, निदान दोन-तीन मिनिटं, लाजू नका, दुकानदाराला सवय असते. हात वर करताना थोडा ताण आला तर ठीक, पण श्वास घेताना छाती दाबली जात असेल तर मोठा साइझ घ्या. कोरडा सूट जरा जास्तच घट्ट वाटतो, ओला झाला की थोडा सुटतो, म्हणून दुकानात आरामदायक वाटणारा सूट पाण्यात बहुतेक सैल निघतो.

ऑनलाइन मागवलात तर घरात, कोरड्या अंगावर, टॅग न काढता हे सगळं करा म्हणजे परत करता येईल. पहिल्यांदाच घेत असाल तर आधी सर्फ स्कूलमधून भाड्याने घेऊन बघा, फक्त भाड्याचे सूट सैलावलेले असतात, त्यांच्या उबेवरून अंदाज बांधू नका.

पायरी ८ : बूट, ग्लोव्हज, हूड

सूटवर ४०० घालवायचे आणि बूट २० चे घ्यायचे हा उलटा कारभार. पाय बधिर झाले की बोर्डावर उभं राहताच येत नाही. बूट पायाला घट्ट हवेत, आत पाणी डुचमळलं तर काय उपयोग. अंगठा वेगळा असलेले बूट बोर्डावर पकड देतात, गोल टोकाचे जास्त ऊबदार. घालताना सूटचा घोटा बुटाच्या वर आला पाहिजे, नाहीतर प्रत्येक लाटेला बुटात पाणी भरतं. ग्लोव्हज ३ मिलिमीटर ते ५, त्याहून थंडीत बोटं एकत्र असलेले मिटन. ग्लोव्हज सगळ्यात शेवटी, दुसरा हात दातांनी ओढून.

अंगठ्या, बांगड्या, जमलं तर मंगळसूत्रही घरी काढून या. बांगडीने बाही चिरते हे एक, आणि थंड पाण्यात बोटं आकसतात, घरी साबण लावूनही न निघणारी अंगठी ग्लोव्ह काढताना सहज सुटून वाळूत जाते.

हूड नको वाटतो कारण कानावर दडपण येतं, ऐकू कमी येतं. तरी ११ च्या खाली घाला. वर्षानुवर्षं गार पाणी आणि वारा कानात गेला की कानाच्या नळीत हाड वाढतं, त्याला सर्फर्स इअर म्हणतात, आणि ते फार वाढलं की ऑपरेशनच. लांब केस असतील तर वेणी खाली घालून सूटच्या आत सोडा, अंबाडा बांधलात तर हूड बसत नाही.

आणि कितीही भारी सूट असला तरी पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास अडकल्यासारखं होतं, धाप लागते, तो थंडीचा झटका. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चेहऱ्यावर, मानेवर पाणी घ्या, श्वास जागेवर येऊ द्या आणि मगच आत जा. बोटं एकमेकांना चिकटवता येईनाशी झाली, बोलताना जीभ जड झाली की लाटा कितीही चांगल्या असोत, बाहेर या.

घेतल्यावर

दर वेळी गोड्या गार पाण्याने धुवा, हो, सूटमध्ये सगळेच लघवी करतात, म्हणून तर नीट धुवा. गरम पाणी, वॉशिंग मशीन, ड्रायर, रेडिएटर, उन्हात तापलेली गाडीची डिकी, यातलं काहीही नको. आधी उलटा करून, कमरेतून दुमडून दांडीवर टाका, तारेच्या हँगरला खांद्याने टांगलात तर ओल्या वजनाने खांदे ताणतात. मान काचत असेल तर व्हॅसलिन लावू नका, पेट्रोलियमने निओप्रीन खराब होतं, रॅश क्रीम मिळतं ते लावा.

सेकंडहँड घेताना बाही तळाशी मुठीत आवळून वरून पाणी ओता, शिवणीतून कुठे थेंब येतात ते लगेच दिसतं. फेस कडक, सुरकुतल्यासारखा तडकलेला असेल तर फुकट दिला तरी नको. नवा घ्यायचा असेल तर हिवाळी सूट मार्च-एप्रिलमध्ये सेलला लागतात, गेल्या वर्षीचं मॉडेल म्हणजे बहुतेक वेळा फक्त रंग वेगळा.

नखाने छोटी चीर पडली तर घरीच दुरुस्त होते. पूर्ण वाळवा, चीर उघडी धरून दोन्ही कडांना निओप्रीनचा गोंद लावा, चिकट होईपर्यंत थांबा, परत एक हात द्या, पुन्हा थांबा आणि मग दाबून धरा, ओला असतानाच चिकटवायला गेलात तर निघून येतो. मोठं भोक असेल तर ठिगळ लागतं, त्यासाठी निकामी झालेल्या सूटचे पाय कापून ठेवा.